तात्पुरता वर्ग

निशिकांत दाबके यांना नियमांचं भारी वेड. पाया लेबारच्या ऑफिसात ते जागतिक व्यापाराचे नियम बघतात आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच विषयाची पुस्तकं उघडून बसतात. अशा माणसाकडे त्याच शहरातल्या बेडोक आणि यिशुन या दोन उपनगरांतल्या मराठी मंडळींनी मुलांच्या एकत्र मराठी वर्गाची घटना लिहायचं काम दिलं, मग काय बघायलाच नको.

दोन्हीकडच्या वर्गांत मुलं रोडावली होती. चार-पाच टाळकी शिकवायला दोन ठिकाणी धावणं आता जमायचं नाही, दिवाळीनंतर थांबते, असं दोन्हीकडे शिकवणाऱ्या अनघाताईंनी सांगून टाकलं होतं. घटना मात्र फुगतच गेली. मतदान, पदाधिकारी, वाद मिटवायची समिती, सगळं तिच्यात आलं. बैठकीत, एक-दोन मुलं जास्त असलेल्या यिशुनच्या विक्रांतने मुलामागे एक मत मागितलं, तर बेडोककर म्हणाले, दोन्ही गटांना सारखीच मतं हवीत. चहा गार झाला, मंडळी तापली.

अनघाताई पर्स उचलून उठल्या, तसे निशिकांतही उठले. त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि आपला नेहमीचा विषय काढला. महायुद्धानंतर जगाच्या व्यापारासाठी मोठी संघटना काढायची ठरली. हवाना शहरात पन्नासहून जास्त देशांनी भली थोरली सनद करून सह्या ठोकल्या. पण अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळालीच नाही आणि संघटना जन्मालाच आली नाही. त्याआधी तेवीस देशांनी जकात कमी करायला एक तात्पुरता करार करून ठेवला होता. त्याच्यावरच जगाने जवळजवळ अर्धं शतक काढलं. खरी संघटना उगवली १९९५ साली.

“इतकी वर्षं हे मी लोकांना सांगतोय,” ते म्हणाले, “आणि इथे स्वतःच हवाना मांडून बसलो. माझी घटना ठेवा बाजूला. शनिवारी मुलं पाठवता का, एवढंच बोला.”

आपल्याच मेहनतीवर असं चारचौघांत पाणी सोडायला छाती लागते. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटतं. विक्रांतने आधी मान डोलावली, मग बाकीच्यांनी. वर्ग निशिकांतांच्याच हॉलमध्ये भरू लागला.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी ते दार उघडून उभे होते. आता एकाच ठिकाणी तरी शिकवणार का, हे अनघाताईंना विचारायचा धीर झाला नव्हता. लिफ्टमधून मुलांचं इंग्रजी भांडण ऐकू आलं आणि त्यावर अनघाताईंचा दरडावणीचा आवाज.

“भांडायचं तर मराठीत भांडा.”