रस्त्याकडचं टेबल

तुमसर रोड स्टेशनवर बाबांनी माझी पत्र्याची पेटी खिडकीतून आत ढकलली, तेव्हा पॅसेंजर सुटायला बराच वेळ होता. तेवढा सगळा वेळ ते खिडकीचा गज धरून उभे राहिले आणि एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत राहिले. "मामा येतीन पावर हाऊस टेसनावर घ्याले. तेथून घर. मंग घरून हापिस, हापिसातून घर. मधात कोठी थांबू नोको." मी मान डोलवत होते. नागपूरला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, भिलाईला स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलेली, आमच्या आळीतली पहिली नोकरीवाली मुलगी मी. पण बाबांच्या लेखी एका घरून दुसऱ्या घरी पोचवायचं पार्सलच. आई स्टेशनवर आली नव्हती. तिला रडू आवरत नसे आणि बाबांना चारचौघांत रडलेलं खपत नसे.

सुधाकर, तू तेव्हा आठ वर्षांचा होतास, म्हणून तुला हे ठाऊक नसेल. तुझं पत्र आलं. ऑफिसात आता कॉम्प्युटर आले, ट्रेसरचं काम संपलं, तर ताई, व्हीआरएस घे आणि घरी ये, परक्या मुलखात एकटी काय करतेस, असं तू लिहिलंस. एकवीस वर्षं मी एकटी काय केलं ते आता सांगते. तिथे राहिलेल्या सगळ्यांना वाचून दाखव. भंडारा-गोंदियाकडून इकडे आलेल्यांच्या हाती पडलं तरी माझी ना नाही.

मामांचं घर कॅम्प-1 वस्तीत. दोन खोल्या, सात माणसं, मामीचं शिलाई मशीन आणि त्या मशीनच्या पायाशी माझं अंथरूण. मामी मायाळू होती. तिला प्रत्येक मिनिटाचा हिशेब मात्र लागे. न्हाणीत वेळ लागला की "का करून राहिली वो?" आणि गप्प बसले की "कावून गप्प हायेस?" ऑफिसात आठ तास बोर्डावर वाकून, मूळ ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवून, श्वास रोखून शाईच्या रेघा ओढायच्या. एखाद्या रेघेची जाडी चुकली तर ब्लेडनं खरवडायची. पाच वाजता बाहेर पडले की मान दुखत असे, डोळ्यांपुढे रेघा नाचत, आणि वाटे, अर्धा तास कुणी माझ्याशी बोलू नये. हा अर्धा तास ना ऑफिसात होता ना मामांच्या घरी. तो मधात होता.

मधात अण्णाचं हॉटेल होतं. पावर हाऊसच्या बाजारात, रेल्वे लाईनच्या अलीकडे. मालक केरळचा, त्यांच्याकडे कुणी कुणाला अण्णा म्हणत नाही, असं त्यानं सुरुवातीला शंभर लोकांना सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं. गिऱ्हाइकांची टेबलं ठरलेली. दिवसपाळी सुटली की कोक ओव्हनवाले, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरचे कामगार येत, भिंतीकडच्या बाकावर बसत, नखांत काळं. त्यांच्यात आपल्याकडचे भोयर होते, मामांच्या ओळखीचे. पंख्याखालचं टेबल अकाउंट्सच्या बाबू लोकांचं. तिथे तिवारीजी पेपर मोठ्यानं वाचत आणि प्रत्येक बातमीवर स्वतःच निकाल देत. रोज तीच माणसं, तीच भांडणं, तीच "अण्णा, आज पानी ज्यादा है" ही तक्रार. रस्त्याकडचं एक टेबल मात्र कुणाचंच नव्हतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि रस्त्याची लाल धूळ सगळी त्याच्यावर बसे.

मी पहिल्यांदा आत गेले ती कॉफीच्या वासानं. आपल्याकडे कॉफी म्हणजे उपासाची, जायफळ घातलेली, वाटीभर. हा वास वेगळा होता. वेटर मनहरण जवळच्या अहिवारा गावाकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "अकेल्ला आए हस का, बहिनी?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो गोंधळला आणि मला फॅमिली केबिनमध्ये घेऊन गेला. लाकडी फळ्यांचे दोन कप्पे, हिरवा पडदा, आत पिवळा बल्ब आणि एक झुरळ. डोसा आला, कॉफी आली. अर्धा डोसा झाला असेल, तेवढ्यात पडदा सरकला. बाहेर नवरा-बायको आणि दोन मुलं उभी होती. दुसरा कप्पा भरलेला. अण्णा मला हात जोडून म्हणाला, "बहनजी, फैमिली आ गया है."

म्हणजे मी बाहेर बसायची नाही, कारण बाहेर पुरुष बसतात. आणि आतही बसायची नाही, कारण माझ्याबरोबर कुणी पुरुष नाही. मनहरणनं माझी बशी उचलून पाण्याच्या ड्रमशेजारच्या स्टुलावर ठेवली. तिथे उभ्यानं खा, असं तो म्हणाला नाही. पण स्टूल एकच होतं आणि त्यावर बशी होती. अख्खं हॉटेल बघत होतं. मी डोसा तसाच टाकला आणि बाहेर पडले. कॅम्प-1 पर्यंत रडत गेले. मामीला डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी मी परत गेले. सरळ रस्त्याकडच्या त्या टेबलाशी बसले. टेबल हललं, म्हणून आखूड पायाखाली रफ ट्रेसिंग पेपरची घडी सारली. मनहरण पंचा खांद्यावर टाकून नुसता उभा. तिवारीजींचं वाचन थांबलं. रेडिओ तेवढा वाजत होता. अण्णा आला आणि हळूच म्हणाला, "बहनजी, अंदर खाली है आज." मी म्हटलं, "मुझे यहीं बैठना है. एक कॉफी." माझा आवाज कापला, हे कबूल करते. पण मी उठले नाही. अण्णानं गल्ल्यावर जाऊन थोडा विचार केला आणि कॉफी पाठवली.

मग रोज. तिवारीजी आठवडाभर माझ्याकडे बघून संस्कृतीवर बोलले. पुढे त्यांनाच कंटाळा आला. भोयरांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी बाक सोडून खुर्ची घेतली, ती फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि तशीच पाठ करून ते चहा पिऊ लागले. आपल्याकडची पोरगी हॉटेलात बसलेली त्यांना बघवत नव्हती, पण चहाही सोडवत नव्हता. त्यांनीच मामांना सांगितलं. मामांनी बाबांना लिहिलं. त्या सुमारास गोंदियाच्या एका मास्तराचं स्थळ जमत आलं होतं, तेही फिसकटलं. मुलगी हॉटेलात बसते, असा निरोप आला. माझं लग्न त्या कॉफीपायी मोडलं, असं तुम्ही आजही म्हणता. खुशाल म्हणा. बायकोच्या एका कपाला जो माणूस घाबरला, त्याच्या घरी मी सुखात नांदले असते, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

बाबा आले ते न कळवता. मी ऑफिसातून बाहेर पडले तर ते गेटसमोर, धोतर आणि काळी टोपी, छत्री काखेत. राइस मिलच्या दिवाणजीपणातून त्यांनी दोन दिवसांची सुट्टी काढली होती. ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "चला बाबा, कॉफी घेऊ." मी घाबरले होते, म्हणूनच म्हटलं. हॉटेलात शिरताना ते माझ्या पुढे होते. इतके पुरुष बघून त्यांनी सवयीनं केबिनचा पडदा वर केला, आत गेले, आणि माझ्यासाठी तो हातानं धरून ठेवला. मी तोवर माझ्या टेबलाशी बसले होते. त्यांनी थोडा वेळ पडदा धरला. मग सोडला.

"कुसुम, आत ये," आतून आवाज आला.

"मी अठीच बसते बाबा."

"लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. मीबी त्याईले पाहून राहिली."

भिंतीकडच्या बाकावर कुणीतरी खोकलं. भोयरांची पाठ ताठ झाली. बाबा पडद्याआडून बोलत राहिले. उद्याच राजीनामा दे, परवाच्या पॅसेंजरनं चाल, मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाही तू. एवढं सगळं त्या हिरव्या पडद्यातून येत होतं आणि माझ्यासमोर कॉफी निवत होती. मला उठून आत जावंसं वाटलं. त्यांचे पाय दिसत होते पडद्याखाली, वहाणा धुळीनं भरलेल्या. ते स्टेशनपासून चालत आले होते. बाप होता तो माझा. पण मी आत गेले असते तर तिथूनच थेट तुमसरला गेले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मी नाही येत बाबा. तुमी रागवा, पण मी नाही येत."

मनहरण त्यांची कॉफी घेऊन गेला. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ते बाहेर आले, माझ्याकडे न बघता गल्ल्याशी गेले, आणि आपल्या त्या मोडक्या हिंदीत अण्णाला विचारलं, "ये लडकी रोज आती?"

"रोज. पाँच बजे."

बाबांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "उसको शक्कर जादा लगती," ते म्हणाले. "ये फिक्का है." आणि बाहेर पडले.

तेव्हा मात्र मी रडले, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, रस्त्याकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या कॉफीत साखर जास्त येऊ लागली. बाबांनी राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही. शाबासकीही कधी दिली नाही. तुमसरला ते सांगत असत की पोरगी हापिसातच चहा घेते, तेथी सोय हाये. शेवटपर्यंत तेच सांगत गेले.

मामांनी हात वर केले. "बापानं सोडलं, आमी कावून जबाबदारी घ्यावी?" त्यांचंही चुकलं नाही. मी भिलाईतच रुआबांध्याला एका छत्तीसगढी कुटुंबाकडे खोली घेतली, पुढे तिथेच दोन खोल्यांचं घर बांधलं, स्वतःच नक्शा काढून. भोयरांची पाठ वर्षभर टिकली. एक दिवस त्यांनी खुर्ची फिरवली आणि प्लॉटचा कागद माझ्यासमोर ठेवला. "बाई, नक्शा काढून देता काय?" माझ्याकडे पाठ करणाऱ्या माणसाचं घर मी काढलं, आणि जिना मुद्दाम अरुंद काढला नाही, एवढा माझा चांगुलपणा. त्यांच्यामागून बाकाची अर्धी माणसं कागद घेऊन आली. तिवारीजींना तर देवघर तीनदा फिरवून हवं होतं. पुढे प्लांटच्या वसाहतीतल्या दवाखान्यातल्या दोन नर्सबाई कधीमधी येऊन बसू लागल्या. मग एक शिक्षिका. केबिन मोडून काढली ती मात्र आमच्यामुळे नव्हे. अण्णाला फ्रिज ठेवायला जागा हवी होती.

सगळं मिळालं असं मी म्हणत नाही. आई माझं घर न बघता गेली, याचा सल आहे आणि राहणार. मराठी बोलायला घरात माणूस नाही. भोयरांची नातवंडं मला "आंटी, नमस्ते" म्हणतात, आणि भाजीवाल्याशी भांडताना माझ्याही तोंडून आधी हिंदीच येते. कधी कधी तुमसरच्या तांदळाच्या मिलचा कोंड्याचा वास आठवतो आणि जीव कासावीस होतो. पण कासावीस होणं म्हणजे परत जायची इच्छा होणं, हे समीकरण तुम्ही मांडलंत. मी नाही मांडलं.

आणि सुधाकर, आता मनातलं लिहिते. गेल्या वर्षी तुझ्या गृहप्रवेशाला मी आले होते. पंगतीत बसले होते, वरणभात कालवला होता, तेवढ्यात भावकीतली जावई मंडळी आली. जागा कमी पडली. तू हसत माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "ताई, तू तं घरचीच हायेस, तू मागून बस." तुझी लेक वैशाली माझ्या शेजारी होती, तिलाही उठवलंस. मी उठले. भावाचा कार्यक्रम आहे, तमाशा नको, असं वाटलं. हात धुताना वैशालीनं मला विचारलं, "आत्या, घरच्यालेच कावून उठवतेत?" मी तिच्या हातावर पाणी घातलं. एका अनोळखी केरळी माणसानं मला एकदा उठवलं, तर मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले. आणि माझ्या सख्ख्या भावानं उठवलं, तर मी गप्प राहिले. त्या दिवसाची मला लाज वाटते, तुझी नव्हे, माझी.

म्हणून तुझ्या पत्राला माझं उत्तर नाही असं आहे. जिथे घरची म्हणून मला उठावं लागतं, त्याला मी आता घर म्हणणार नाही. माझं घर रुआबांध्याला आहे. तू ये, वहिनीला आण, वैशालीला आण. जमिनीवर चार पानं मांडीन, एकदम वाढीन आणि मीही तुमच्याबरोबरच जेवायला बसेन. मध्येच दारात पाहुणा आला तर पाचवं पान मांडू.