अकरा फोटो आणि एक

मार्च १९६३, रविवार सकाळ, मोर्शीचा बसथांबा. हजर: मी, माझी बहीण, चहावाले आजोबा आणि त्यांची बायको.

आजोबांनी साठी ओलांडल्यावर शर्यतीची मोटारसायकल घेतली होती. दुकानात त्यांचे अकरा फोटो टांगलेले होते, सगळे गाडीवरचे. खांद्यावरच्या फडक्याने ते आधी फोटोंच्या काचा पुसत, मग आमचे कप. माझ्याकडे कॅमेरा दिसताच ते जवळ आले.

"बाई, एक फोटो काढता का? हिले मागं बसवतो. उद्या नागपूरले हिचं मोठं ऑपरेशन हाय."

आजी पदर घेऊन मागे बसल्या, पण हातांनी सीटच धरून.

"अवं, मले धर न, पडशीन!"

"लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. अकराही फोटोत मी एकलाच हाय, भुतावानी."

आजी हसल्या आणि त्यांनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. मी लगेच बटण दाबलं.

फोटो छान आला. त्यानंतर मी कामासाठी दोनदा मोर्शीला गेले. दुकान उघडं होतं, आजोबा एकटेच दिसले. आजींचं विचारायला धीर झाला नाही, म्हणून न थांबताच पुढे गेले. मोर्शीची बाकी सगळी कामं झाली. फोटो द्यायचा राहिला आहे.