काजळाआधीचं मलम

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोनईजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होते. माझं तोंड फटकळ. बाळंतिणींच्या सासवा मला बघूनच पदर सावरायच्या.

एका शेतकऱ्याच्या घरी सुनेचं दुसरं बाळंतपण मी केलं. थोरली मुलगी चार वर्षांची. जन्मल्यावर तिचे डोळे पुवानं चिकटले होते आणि एक बुबुळ कायमचं पांढरं पडलं होतं. आताही मुलगीच झाली. बाळाचे डोळे पुसून मी टेट्रासायक्लीनच्या मलमाची नळी उघडली, तोच सासूबाईंनी माझा हात धरला.

"डोळं तर चांगलं हायेत. आदीच कशापायी औशद?"

"बैल सुटून गेल्यावर दावं बांधता का, मावशी? पू यायच्या आधीच घालायचं असतं हे."

"आन काजळ? आमच्यात पाचवीला घालत्यात."

"तळपायाला लावा, कानामागं लावा. डोळ्यांत बोट घालायचं नाही. एकीचा डोळा गेला तेवढं पुरे नाही का?"

सासूबाईंनी थोरलीला जवळ ओढलं आणि त्या रडायलाच लागल्या. "हिचं डोळं आल्यालं, तरी म्याच काजळ घातलं हुतं, बाई. थंड पडंल म्हनून."

माझा हात त्यांनी सोडला. मी दोन्ही डोळ्यांत मलमाची बारीक रेघ ओढली.

पाचवीला मी मुद्दाम सायकल मारत गेले. सटवाईची पूजा झाली होती आणि काजळ होतं ते बाळाच्या तळपायाला. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

आमच्या कामाचं एक वाईट. जे झालंच नाही, त्याचं कौतुक कोण करणार? पण सव्वा महिन्यानं गेले, तर थोरली बाळापुढं लाल चिंधी हलवत होती आणि बाळ चिंधीमागं टकामका बघत होतं.

"बाई, दोनी डोळं फिरत्यात," सासूबाई म्हणाल्या. माझी छाती अशी फुगली, की मेडल मिळालं असतं तरी एवढी फुगली नसती.

थोरलीनं चिंधी खाली ठेवली. "माज्या येळंला तुमी का न्हाई आल्या?"

मी तिला मांडीवर घेतलं.

पुढं त्या गावात कुणाचे दिवस भरत आले, की उपकेंद्राच्या दारात सासूबाई हजर व्हायच्या, थोरलीचं बोट धरून. "बाई, नळी घिऊन चला," म्हणायच्या.