वळणं माझी, वेग दादाचा

दुपारी लॅपटॉपवर गेमच्या दुकानाचं पान उघडलं, तर आमचा जुना गाड्यांचा गेम फुकट दिसला. त्याचा नवा भाग वर्षभर फक्त याच दुकानात मिळणार आहे, म्हणून गिऱ्हाईक ओढायला त्यांनी जुना वाटायला काढला होता. मी तो घेतला आणि लगेच पुण्याला दादाला कळवलं. तासाभराने त्याचाच फोन आला.

"चिमे, पहिल्याच वळणावर गाडी आपटतेय गं."

मला हसू आलं आणि मग गलबलून आलं. साताऱ्याच्या घरी कॉम्प्युटर एकच होता आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायची तयारी दोघांचीही नव्हती. म्हणून एका खुर्चीत दाटीवाटीने बसून दादा वेग सांभाळायचा आणि मी गाडी वळवायचे. आता दोघांच्याही खात्यात अख्खा गेम आहे. पण दादाला वळणं कधी शिकावीच लागली नव्हती.

"तुझी कुठवर गेली?" त्याने विचारलं.

"माझी तर जागची हललीच नाही," मी खोटंच म्हणाले.

"मग रविवारी ये," तो हळूच म्हणाला. "पण कशासाठी ते तुझ्या वहिनीला सांगू नकोस."