दोरी ओढायला शिकवणारं सॉफ्टवेअर

कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात नवे कॉम्प्युटर आले, त्या हिवाळ्यात साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "यापुढे सुरक्षेचा कोर्स ऑनलाइन. ठेकेदाराच्या माणसांनाही. कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, तुम्ही बघा." म्हणजे तयार कोर्स विकत घ्यायचा नव्हता, कोर्स ज्याच्यावर बांधायचा ते अवजार निवडायचं होतं. मी तिथला सर्वांत नवा शिकवणारा. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात नवं काम पडतं, हा सगळ्या कचेऱ्यांचा रिवाज. पण हे काम कुणी दिलं नसतं तरी मी मागून घेतलं असतं, कारण माझा मोठा भाऊ त्याच कारखान्यात कोळशाच्या बेल्टवर होता.

गोंडपिपरीच्या रस्त्याला लागलं की आमचा कारखाना दिसायचा. कोळसा बॉयलरपर्यंत रबरी बेल्टवरून जायचा. बेल्टच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर एक दोरी ताणलेली असायची. कुठेही उभे असा, ती ओढली की बेल्ट थांबतो. कुणाचा हात, कुणाची बाही अडकली तर एवढंच करायचं असतं. आणि नेमकं तेवढंच आमची माणसं करत नसत.

बेल्टवरची बरीचशी माणसं आमच्याच बाजूची, मार्कंड्याच्या देवळाच्या आसपासच्या नदीकाठची. तळ्यावर आणि वैनगंगेवर मासे धरणारी. आमच्यात पोरगं चालायला लागलं की त्याला पाण्याची एक रीत शिकवतात: कुणी घसरला की आधी हात द्यायचा. विचार करत काठावर उभा राहणाऱ्याला आमच्या गावात कुणी चांगलं म्हणत नाही. ही रीत घेऊनच सगळे बेल्टवर आले होते. एकदा एकाची बाही अडकली, तर चौघांनी मिळून त्याला ओढलं. सदरा फाटला म्हणून तो वाचला. भावाने हे मला जेवताना हसत हसत सांगितलं.

"भाऊ, अन् दोरी काऊन नाई वढली?" मी विचारलं.

"दोरी कोन पाह्यते, बाबू? मानूस जाऊन राह्यला होता ना!"

माझा घास तोंडातच राहिला. एक दिवस सदरा फाटणार नाही, आणि त्या दिवशी ओढणाऱ्यांत पहिला माझा भाऊ असेल, हे मला लख्ख दिसलं. त्याचा हात आधी दोरीकडे गेला पाहिजे. ते ज्याच्यात शिकवता येईल तेच सॉफ्टवेअर घ्यायचं, बाकी झालर कितीही असो, असं मी त्या ताटावरच ठरवून टाकलं.

नागपूरहून पहिली कंपनी आली ती टाय लावलेली दोन माणसं घेऊन. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्मेट घातलेली बाहुली नाचत यायची, नमस्कार करायची, कंपनीचं बोधचिन्ह गरगर फिरायचं. नमनाला घडाभर तेल. मग माहितीची पानं, प्रत्येक पानाखाली 'पुढे' असं बटण, आणि शेवटी प्रश्न. आणीबाणीत काय कराल? चार उत्तरं, त्यातलं एक 'दोरी ओढीन'. बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या. साहेबांना टाळ्या फार आवडल्या.

दुसऱ्या कंपनीचा माणूस एकटाच एसटीने आला, खांद्याला पिशवी लावून. त्याचं सॉफ्टवेअर दिसायला करडं आणि रुक्ष, शिकायला किचकट. पण त्यात एक गोष्ट होती. शिकणारा चुकला की कोर्स त्याला 'चूक' म्हणून मागे ढकलत नसे, तर चुकीच्या वाटेनेच पुढे नेत असे, म्हणजे चुकीचं फळ त्याला डोळ्यांनी बघावं लागे. शिवाय पडद्यावर घड्याळ लावता येई. साहेबांनी जांभई दिली. मी मात्र त्या माणसाला चहा पाजून थांबवून घेतलं.

साहेब म्हणाले, "दोन्ही वापरून बघू." म्हणून आधी नागपूरवाल्यांनी त्यांच्या सॉफ्टवेअरवर नमुन्याला बांधून दिलेल्या कोर्सला बेल्टची टोळी बसवली. एकेका कॉम्प्युटरभोवती चार-पाच जण दाटीवाटीने बसले. एकाच्या हातात माऊस आणि बाकीच्यांची पंचायत. आमच्याकडे उत्तर एकट्याने द्यायची पद्धतच नाही. गावात बैल घ्यायचा असला तरी चार तोंडं बोलल्याशिवाय ठरत नाही. सगळे पास झाले. हॉल टाळ्यांनी दणाणला. साहेब माझ्याकडे बघून हसले, म्हणजे आता बोला.

मी सगळ्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे शिकवण्यासाठी ठेवलेला, वीज तोडलेला एक जुना बेल्ट होता. त्याला दोरीही होती. मी पेंढा भरलेला सदरा बेल्टच्या रोलरमध्ये अडकवून ठेवला होता. सगळे आत आले, आणि मी ओरडलो, "अडकला रे! मानूस अडकला!"

आत्ताच पास झालेली ती सगळी माणसं धावली आणि त्या सदऱ्याला जाऊन भिडली. माझा भाऊ सर्वांत पुढे, दोन्ही हातांनी कव घालून. दोरी त्याच्या कोपराला घासत होती. कुणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांचं हसू गेलं. मला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असला हा कोर्स माझ्या भावाला पासाचा कागद देऊन बेल्टवर पाठवणार होता.

मग मी त्या करड्या सॉफ्टवेअरच्या मागे लागलो. पिशवीवाल्याने महिनाभर वापरायला दिलं होतं. सोबतचं पुस्तक वाचत, डोकं आपटत, मी त्यात एकच प्रसंग बांधला. आमच्याच बेल्टचा फोटो, बेल्टचा खडखडाट, बाही अडकलेला माणूस आणि बाजूला दोरी. घड्याळ चालू. माणसावर माऊस दाबला तर तो आत जाणार, मग दाबणाराही आत जाणार, आणि पडदा काळा होणार. दोरीवर दाबलं तर बेल्ट थांबणार. आणि एक कॉम्प्युटर, एक माणूस. पंचायत बंद.

टोळीतले बरेचसे पहिल्यांदा चुकले, काळा पडदा बघून हबकले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोरीवर आले. शेडमध्ये नेऊन ओरडलो तेव्हाही त्यांचे हात दोरीला गेले. माझा भाऊ तेवढा दोरीवर आला नाही. तो दर वेळी माणसावरच दाबायचा. पडदा काळा झाला की दात ओठ खाऊन पुन्हा माणसावरच.

शेवटी तो खुर्ची मागे सारून उठला. "तुया डब्ब्यात मानूस मरून राह्यला, अन् मी दोरी पाहू? असा धंदा आपल्याले नाई जमत, बाबू."

साहेब म्हणाले, "लोकांना हे सोसत नाही. शिवाय हेड ऑफिसला सगळे पास झालेले हवेत. नागपूरवाल्यांचंच घेऊ."

"साहेब, त्यांच्यात पास झालेला माणूस तुम्ही शेडमध्ये पाहिलाय," मी म्हणालो. "तो बेल्टवर मेला तर त्याच्या घरी काय दाखवू? टाळ्या?"

मी एवढ्या चढ्या आवाजात बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. साहेबांनी शेडकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुमचा भाऊ यात पास झाला तर हेच घेऊ. नाही झाला तर तुमचा हट्ट सोडा, आणि त्याला बेल्टवरूनही काढावं लागेल."

साहेबांची अट कळल्यावर भावाने माझ्याशी बोलणं टाकलं. शिवरात्रीला आम्ही दोघे मार्कंड्याला गेलो ते एकाच एसटीत, पण वेगवेगळ्या बाकांवर. जत्रेत दर्शन झालं, आणि तो नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून तोंड धुवत होता, तेव्हा मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, पान्यात तू मानसाले वढलं तं पानी सोडते," मी म्हणालो. "बेल्ट सोडत नाई. थो तुलेबी नेते. मंग मी घरी काय सांगू?"

ओंजळीतलं पाणी त्याने परत नदीत सोडलं. येताना मात्र माझ्याच बाकावर येऊन बसला.

पुढच्या आठवड्यात तो आपणहून केंद्रात आला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. साहेब आणि मी मागे उभे. खडखडाट सुरू झाला, बाही अडकली. माऊसवरचा भावाचा हात माणसाकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि दोरीवर दाबला गेला. बेल्ट थांबला. पडद्यावर 'उत्तीर्ण' असं उमटलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"चला, झालं," साहेब म्हणाले. "भाऊ, तुम्ही पास. उठा."

भाऊ उठला नाही. तो पडद्याकडेच बघत होता.

"कोनाचं झालं?" तो म्हणाला. "मानूस तं अजून तिथीच पडून हाये."

मी पाहिलं. खरंच होतं. दोरी ओढली की माझा कोर्स संपत होता. बेल्ट थांबलेला, आणि बाही अडकलेला माणूस तसाच.

"भाऊ, बेल्ट थांबला ना आता," मी म्हणालो.

"थांबला. दोरी वढली मी, तुया म्हनन्यानं वढली. आता त्याले कोन काढन? हात देल्ल्याबिगर मी इथून उठत नाई."

साहेब एक खुर्ची ओढून बसले. मी भावाच्या शेजारी टेकलो, सॉफ्टवेअर उघडलं, आणि बेल्ट थांबल्यावर माणसाला हात द्यायचा प्रसंग बांधायला घेतला. तो होईपर्यंत भाऊ माऊस हातात धरून बसून राहिला.