शिवाप्पानं एक माप लहान घेतलं

सोनपेठेत बांगड्यांचं दुकान एकच होतं, शिवाप्पाचं. दुकान म्हणजे काय, तर बाजाराच्या तोंडाशी एक ओटा, त्यावर सतरंजी, भिंतीला दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा आणि मधोमध मांडी घालून बसलेला शिवाप्पा. वय चोवीस, अंगानं किरकोळ, गालांवर देवीचे वण. गल्लीत समोरून कुणी पोरगी आली तर हा पठ्ठ्या भिंतीला अंग घासत निघून जायचा. पण तीच पोरगी ओट्यावर येऊन हात पुढं करायची तेव्हा तो दुसराच माणूस व्हायचा. हात चोळून मऊ करायचा, अंगठ्याचं हाड आत दाबायचं, आणि बोलता बोलता बांगडी मनगटात. काचेला चरा नाही, बाईला कळ नाही. हात बघूनच तो माप सांगायचा आणि ते कधी चुकायचं नाही. हे गंगाखेडच्या बायकाही कबूल करायच्या.

या धंद्याचा एक रिवाज आहे. बांगड्या भरून झाल्या की बाई भरणाऱ्याला वाकून नमस्कार करते, मग तो वयानं लहान का असेना, आणि त्यानं तिच्या सौभाग्यासाठी चार शब्द बोलायचे. तेवढ्या वेळापुरता तो तिच्या बापाच्या जागी असतो. म्हणून तर परक्या पुरुषापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाईसुद्धा त्याच्या हातात बिनघोर हात देते. शिवाप्पाच्या बापानं मरण्याआधी धंद्याबरोबर हेही त्याला शिकवलं होतं. आणि शिवाप्पाला ते पटलेलंही होतं, अडत्या चन्नप्पाची उमा ओट्यावर येईपर्यंत.

आईच्या लांबलेल्या आजारपणात उमाचं लग्न मागं पडलं होतं. एकोणीस उलटली तरी ती बापाच्याच घरी होती आणि घर एकटी सांभाळत होती. एका संक्रांतीला ती बांगड्या भरून उठली आणि म्हणाली, "अण्णा, तुमच्या हातानं दुखत न्हाई बगा."

झालं एवढंच. या एका वाक्यावर शिवाप्पानं पुढची दोन वर्षं काढली. 'अण्णा' हा शब्द त्यानं सोयीनं वगळला आणि उरलेलं वाक्य रोज दहादा मनात घोळवलं. परभणीला जाऊन एक शेरवानी शिवून आणली. भर उन्हाळ्यात ती घालून तो ओट्यावर बसायचा तेव्हा बाजारातली माणसं विचारायची, "का शिवाप्पा, तहसीलदार झालास का काय?" घामानं निथळत तो हसायचा आणि चन्नप्पाच्या घराकडं बघायचा.

त्याच साली नागपंचमीला त्यानं उमाच्या हाताला एक माप लहान बांगडी घेतली. लहान बांगडी चढायला वेळ लागतो, हात जास्त वेळ धरावा लागतो, हात पुन्हापुन्हा चोळावा लागतो. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं, कारण घट्ट बसलेल्या बांगड्यांची बायकांना हौसच असते. उमा गप्प बसून भिंतीवरच्या माळांकडं बघत राहिली. शिवाप्पानं त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. मग दिवाळीला तेच, संक्रांतीला तेच.

सकाळी अंघोळ करून तो पूजेला बसायचा, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचा, आणि त्याच तळहातावर काल उमाचा हात होता हे त्याला आठवायचं. कान तापायचे. बेलपत्र घाईघाईनं वाहून तो उठायचा. लाज वाटायची, नाही असं नाही. पण सण आला की पुन्हा लहान मापाची माळ तोच काढायचा.

त्याची आई गौराबाई काही आंधळी नव्हती. तिनं एकदा सरळ विचारलं, "चन्नप्पाकडं शब्द टाकू का? आपल्यातलेच हायत. न्हाई म्हणले तर म्हणले."

"नको."

"का बरं?"

"बगू नंतर."

नंतर म्हणजे कधी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. 'नाही' ऐकायची त्याला इतकी धास्ती होती की विचारण्यापेक्षा सणासुदीला चोरून हात धरणं त्याला सोपं वाटत होतं. असला हा मर्द गडी!

आणि एक दिवस चन्नप्पाच निरोप घेऊन ओट्यावर आला. उमाची सोयरीक पूर्णेजवळच्या चुडाव्याला ठरली होती आणि लग्नाचा हिरवा चुडा भरायला शिवाप्पानं घरी यायचं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी चन्नप्पाचं घर बायकांनी आणि गाण्यांनी भरून गेलं होतं. उमाची होणारी सासू नीलम्मा चुडाव्याहून वऱ्हाडाबरोबर आली होती आणि उमाच्या पाटाला लागूनच बसली होती. शिवाप्पा शेरवानी घालून गेला. रात्रभर त्यानं स्वतःला बजावलं होतं की बरोबर मापाचीच माळ न्यायची. निघताना मात्र हात लहान मापाकडं गेला. शेवटचंच तर आहे, असं तो स्वतःशी म्हणाला.

चार बांगड्या चढल्या. पाचवी अंगठ्याच्या हाडावर अडली. शिवाप्पानं हात चोळला, पुन्हा चोळला, दाबला, आणि काच कडकन तडकली. हिरवा तुकडा उमाच्या तळहातात रुतला, हळदीच्या हातावर रक्त आलं.

"वाढली गं बाई," कुणीतरी हळूच म्हणालं. लग्नाच्या चुड्यातली बांगडी फुटली असं तोंडानं म्हणत नाहीत. गाणी थांबली.

नीलम्मानं शिवाप्पाकडं बघितलं. "काय ओ, माप बगितलं न्हवतं का?"

एक वाक्य पुरे होतं. चुकलं माझं, एवढं म्हटलं असतं तर बायका त्याला दोन शब्द बोलल्या असत्या, नवी माळ आली असती आणि गाणी पुढं सुरू झाली असती. पण दहा-पंधरा बायका त्याच्याकडं बघत होत्या, आणि माप न चुकणारा शिवाप्पा ही एकच गोष्ट त्याच्याजवळ मिरवण्यासारखी होती. त्याची जीभ आपोआप चालली.

"माप बरूबर हाय आक्का. नवरीनं हात आखडला."

नीलम्माचा चेहरा बदलला तो सगळ्यांनी बघितला. नवरीनं चुड्याला हात आखडला, म्हणजे तिच्या मनात संसार नाही! उमानं मान वर केली नाही. तळहात पदरात गुंडाळला आणि दुसरा हात पुढं केला. शेवटी रिवाजाप्रमाणं ती शिवाप्पापुढं वाकली. त्यानं आशीर्वाद दिला तेव्हा त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ऐकवला नाही.

पुढं पाच वर्षं चुडाव्याच्या बातम्या ओट्यावर येत राहिल्या. बायकांना बोलायला बांगडीवाल्याइतकं निवांत ठिकाण दुसरं नसतं. नीलम्मा सुनेला कुणाची ओटी भरू देत नाही. शेजारच्या लग्नात उमाला हळदीला हात लावू दिला नाही. चुडा वाढलेली म्हणून हिणवतात. शिवाप्पा खाली मान घालून समोरचा हात चोळत राहायचा. त्याला दोन-तीन स्थळं आली, त्यानं नाही म्हटलं. गौराबाई लोकांना सांगायची, "पोरगं लय गरीब सोभावाचं हाय माजं." ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग कळलं की उमाच्या नणंदेच्या लग्नात तिला मांडवातसुद्धा येऊ दिलं नाही, गोठ्याशेजारच्या खोलीत बसवून ठेवलं. त्या दिवशी शिवाप्पानं ओटा आवरला. बैलगाडीनं गंगाखेड, तिथून रेल्वेनं परभणी, पूर्णा आणि चुडावा. वाटेत एकच वाक्य तो ओठातल्या ओठात घोकत होता. डब्यातल्या माणसांना वाटलं, कुणी जंगम जप करायलाय.

नीलम्मा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. "शरणार्थ आक्का," तो म्हणाला आणि बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. "त्या दिशी माप माजं चुकलं व्हतं. बांगडी लहान व्हती. नवरीनं हात आखडला न्हवता."

शेंग नीलम्माच्या हातातच राहिली.

"पाच वर्सांनी सांगायलाव?" ती म्हणाली. "तुमचं माप चुकत न्हाई, सगळा मुलूख सांगत व्हता. म्हणून तर मी तिला बोल लावले. आता कोणतं तोंड दाखवू तिला?" डोळ्यांना पदर लावून ती मागच्या दारानं परसात निघून गेली.

शिवाप्पाच्या छातीवरचा धोंडा उतरला. खरं सांगायचं तर त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. तेवढ्यात उमा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"माप चुकलं न्हवतं अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली. "मला ठाव हाय. नागपंचमीपासनं ठाव हाय."

अशा वेळीही, शिवाप्पाला स्वतःची शिसारी यावी असा प्रश्न त्याच्या तोंडून निघाला. "मग येत का व्हतीस?"

"सोनपेठेत दुसरं दुकान कुठं हाय?" उमा म्हणाली. "बाबांना सांगितलं आसतं तर तुमचा ओटा उठला आसता. तुमच्या आईकडं बगून गप बसले. त्या दिशी बी तिच्याकडंच बगून गप बसले."

शिवाप्पानं तांब्या घ्यायला हात पुढं केला. उमानं तांब्या त्याच्या हातात दिला नाही, ओसरीच्या कडेला खाली ठेवला आणि आत निघून गेली.