कचऱ्याची पावती

आबांनी ड्रम पायानं कलंडवलं.

रविवारची सकाळ होती. दुकानापुढं आठ-दहा गिऱ्हाइकं उभी. ड्रममधलं सगळं आमच्या पायरीवर आलं. आतडी, पिसं, मुंडकी, आदल्या दिवसाचं काळं पडलेलं रगत. अर्धं पायरीवर, अर्धं माझ्या पायांवर.

"पावती पाह्यजे म्हणे हिला," आबा लोकांकडं बघून म्हणाले. "कोंबडीच्या आतड्याची पावती!"

लोक हसले. सगळे न्हाई. पण हसले.

मग आबा माझ्याकडं वळले. "उचल."

मी फावडं आणायला आत वळले.

"फावडं कशाला? हातानं उचल. तुझंच हाय ना?"

मालक, म्हंजी माझा नवरा, ठोकळ्यापाशी सुरी धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातलेली. पुढ्यातल्या कोंबडीचे तुकडे झाले होते तरी सुरी चालतच होती.

मी खाली बसले. हातानं उचललं. आतडी हातात राहात न्हाईत, निसटतात. ओंजळीत घ्यायची, ड्रमात टाकायची, परत वाकायचं. कुणी मधी पडलं न्हाई. एक गुरुजी दर रविवारी आमच्याकडनं अर्धा किलो न्यायचे. ते एवढंच बोलले, "आबा, जाऊ द्या आता. आमचं राह्यलंय अजून."

आबा गेले. मी साबण लावून तीनदा हात धुतले. गुरुजींची कोंबडी तोलायला घेतली तर ते म्हणाले, "बाई, हात धुतले ना नीट?"

मी म्हणाले, "व्हय गुरुजी."

आबांनी हातानं उचलायला लावलं, ते मी एक वेळ इसरले असते. पण मी "व्हय गुरुजी" म्हणाले. ते मला आजून इसरता येत न्हाई.

गावाचं नाव सांगत न्हाई. पुणे-नगर हायवेला, शिक्रापूरच्या पुढं. तवा नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. कंपन्या येत होत्या. बाहेरगावची पोरं खोल्या करून राह्यची. त्यांना रविवारी कोंबडी लागायची.

आम्ही मुलाणी. माझं माहेर कवठे येमाई. माझा बाप जत्रेला गावची बकरी कापायचा. त्याचा त्याला मान होता, वाटा होता. पण बापाच्या वाट्यावर पोरांचं भागत न्हाई. माझ्या सासरीही तीच गत. म्हणून लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही हायवेला आलो आन् गाळा भाड्यानं घेतला. मालक कापायचे, मी सोलायची, धुवायची, तोलायची. बाई ठोकळ्यापाशी उभी राह्यलेली बघून पहिल्यांदा लोक थबकायचे. मग सवय झाली.

धंदा चालला. पण कोंबडीत निम्मी कोंबडी असते, निम्मा कचरा असतो. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं न्हवतं.

पहिल्यांदा मी सांजच्याला बादली घेऊन ओढ्याला जायची. तिथं बायका धुणं धुवायच्या. त्यांनी शिव्या दिल्या. बरोबर होतं त्यांचं. मग हायवेच्या कडंला टाकलं. कुत्री जमली, एक मोटारसायकलवाला पडला, हवालदार दुकानात आला. मग एका शेताच्या बांधाला खड्डा काढला. शेतकरी कुऱ्हाड घेऊन आला. त्याचंही बरोबर होतं. त्याचं रान.

तवा मला पहिल्यांदा कळलं. घाण टाकायलासुदिक जमीन लागते. आन् आमच्या नावावर चटईएवढीही न्हवती.

जमीन आबांची होती. ज्या गाळ्यात आम्ही धंदा करायचो तो गाळा आबांचा. कचरा न्यायला टेम्पो सुरू झाला, तो आबांचा. ग्रामपंचायतीनं ठेका दिला म्हणे, तोही आबांनाच. सरपंचीण आबांची सून. बायकांची जागा राखीव झाली तवा तिला उभी केली होती. तिची सही, आबांचा शब्द.

आबा वाईट बोलायचे न्हाईत, पहिल्यांदा तर न्हाईच. "पोरी, तुझा कचरा मी नेतो. तू निवांत धंदा कर." मला केवढं बरं वाटलं होतं. दर दुकानाला महिन्याचा आकडा ठरला. आम्ही दिला. खानावळवाल्या मावशींनी दिला, अंडाभुर्जीवाल्यानं दिला, न्हाव्यानं केसांचा दिला. सहा महिन्यांनी आकडा वाढला. परत वाढला. कोंबडीवाल्यांचा सगळ्यात जास्त, कारण आमचा कचरा नासतो. गाळ्याचं भाडं आन् कचऱ्याचं भाडं जवळजवळ बरोबरीला आलं, तवा मी टेम्पोवाल्याला म्हणाले, "पावती दे बाबा."

टेम्पोवाला शंभू, बिहारचा. तो घाबरला. "भाभी, हमको क्या मालूम? आबा से पूछो."

मी आबांना इचारलं न्हवतंच. फक्त शंभूला म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी रविवार.

मालक त्या रात्री जेवले न्हाईत. मी म्हणाले, "तुम्ही एक शब्द बोलला न्हाई."

ते म्हणाले, "बोललो असतो तर आज गाळ्याला कुलूप असतं. मग कुठं जायचं? सांग, कुठं जायचं?"

खरंच कुठं जायचं? दुसऱ्या गावात दुसरा आबा. गाळा बदलला तरी टेम्पो तोच. टेम्पो नको म्हणलं तर पंचायतीची नोटीस, उघड्यावर घाण केली म्हणून. सगळ्या बाजूंनी भिताडं, आन् प्रत्येक भिताड आबांच्या नावावर.

आम्ही वाढलेला आकडा भरला. पावती न्हाई.

दोन-तीन महिन्यांनी माझी थोरली बहीण आजारी पडली. ती केडगावला दिलेली. मी न्हावऱ्यावरनं चौफुल्याला जाणारी एस.टी. धरली. बहिणीचा ताप उतरला होता, पण अंगात ताकद न्हवती. दाजी नदीकाठच्या एका मळ्यावर मजुरीला जायचे. दुपारची भाकरी पोचवायची होती. बहीण म्हणाली, "तू देऊन ये. फक्त नाकाला पदर लाव. मासळीची तळी हायती तिथं, लई वास मारतो."

तळी कसली, मोठाले खड्डेच. हिरवं पाणी, आन् त्यात काळे मिशावाले मासे एकमेकांवर चढत होते. मागूर म्हणतात त्याला. दाजी म्हणाले, "लई खातो हा मासा. दिवसाला टेम्पोभर लागतं."

"काय खातो?"

"काय बी. कोंबडीचं आतडं दिलं तर लवकर वाढतो."

तेवढ्यात टेम्पो आलाच. मी ओळखला. मागचं फळकूट पाडलं आन् निळी ड्रमं खाली उतरायला लागली. तिसऱ्या ड्रमावर पांढऱ्या रंगात चारचा आकडा. आमचा गाळा नंबर चार. मालकांनी बिरशानं काढलेला, शेपूट जरा लांब झालेलं.

शंभूनं मला बघितलं. त्याचं तोंड उतरलं. "भाभी, आप इधर?"

तळ्याच्या मुकादमानं ड्रम काट्यावर ठेवलं. वजन केलं. वहीत लिहिलं. मी त्याच्याजवळ गेले. "मामा, हे तुम्हाला फुकट मिळतं का?"

तो हसला. "फुकट कोण देतंय बाई आजकाल? किलोवर घेतो."

"आन् पावती?"

"ही काय," म्हणून त्यानं फर्रकन् कागद फाडला आन् शंभूच्या हातात दिला.

मी तिथंच बांधावर बसले. दाजींची भाकरी माझ्या मांडीवर. ज्या आतड्यांसाठी मी सगळ्यांसमोर वाकले, ती आतडी काट्यावर होती. माझ्याकडं होती तवा घाण होती. आबांच्या टेम्पोत चढली की माल झाली. आम्ही देत होतो तेही आबांना, तळ्यावाला देत होता तेही आबांना. आन् मी काय समजत होते? आबा आपली घाण नेतात, आपण मिंधे हाओत त्यांचे. इतकी वर्षं मी मिंधी होऊन मान खाली घालून चालत होते.

रडू आलं न्हाई. राग पण लगेच आला न्हाई. लाज वाटली. आबांची न्हाई, माझीच.

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते तांब्याभर पाणी प्याले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"कवापासनं?"

"शंभूनं सांगितलं होतं. वरसभर झालं असल."

मला वाटलं, कुणीतरी परत ड्रम कलंडवलं. ह्या टायमाला घरात.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. मी खानावळवाल्या मावशींना, न्हाव्याला, भुर्जीवाल्याला जाऊन सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मावशी म्हणाल्या, "तू बोल. आम्ही मागनं बोलतो."

शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकलेली. खुर्चीवर सरपंचीण, डोक्यावर पदर. शेजारी आबा. बायकांत मी मागं बसले होते. ग्रामसेवकानं इचारलं, "आणखी कुणाचं काय?" मी उभी राह्यले. पाय लटपटत होते. मी सातवी शिकलेली. असल्या सभेत कवा तोंड उघडलं न्हवतं.

मी म्हणाले, "कचऱ्याच्या टेम्पोचे पैसे आम्ही दर महिन्याला देतो. ते पंचायतीत जमा होतात का? होत असतील तर पावती का मिळत न्हाई? आन् आमचा कचरा केडगावकडं किलोवर इकला जातो, त्याचे पैसे कुणाचे?"

सरपंचिणीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. एक क्षणभरच. मला वाटलं, ही आता काहीतरी बोलल. आबा खाकरले. तिनं मान खाली घातली.

आबा उठले. "मुलाण्याच्या बाईनं आता गावाला हिशोब शिकवायचा का? ज्यांची घाण आम्ही नाक दाबून उचलतो, ते आम्हालाच इचारत्यात! बाकी कुणाची तक्रार हाय का? असल तर उभं राहा."

मी मागं वळून बघितलं. मावशी सतरंजीचा दोरा ओढत होत्या. न्हावी आभाळाकडं बघत होता. भुर्जीवाला आलाच न्हवता.

"न्हाई ना? बरं," आबा म्हणाले. "पुढचा विषय."

मी म्हणाले, "माझं उत्तर राह्यलं, आबा."

"बस खाली."

"न्हाई बसत. उत्तर द्या, मग बसते."

मी उभीच राह्यले. पुढचा विषय झाला, त्याच्या पुढचा झाला. नळपट्टी झाली, अंगणवाडीचा पत्रा झाला. राष्ट्रगीताला सगळे उठले, तवा मी आधीच उभी होते. उत्तर कुणी दिलं न्हाई. पण त्या दोन तासांत माझ्या पायातली लटपट थांबली. मला कुणी बसवू शकलं न्हाई, एवढंच मला कळलं. आन् ते पुरेसं होतं.

आठ दिवसात गाळ्याला कुलूप लागलं. कोंबड्यांचे पिंजरे बाहेर काढून ठेवले होते. तीन पिंजऱ्यांतल्या कोंबड्या दिवसभर पाण्याविना उन्हात मेल्या. मालक महिनाभर घरी बसले. मग आबांचा निरोप आला. बायकोला घेऊन ये, चूक झाली म्हणावं, चावी घेऊन जा.

मी गेले न्हाई. मालक एकटे गेले. चावी घेऊन आले.

मी म्हणाले, "माझी चूक म्हणून सांगितलं का तिथं?"

ते म्हणाले, "तू सभेत उभी राह्यलीस, लोकांनी बघितली. मी आबांच्या दारात उभा राह्यलो, ते कुणी बघितलं न्हाई. कुणाला जास्त लागलं, सांग."

ते वाईट माणूस न्हाईत. दुकान त्यांनी परत उघडलं. घरात दोन लेकी हायत, त्यांच्या तोंडात घास त्या दुकानाचाच जातो. टेम्पो येतो. ड्रम जातं. आकडा परत वाढलाय. मी त्या गाळ्यात पाऊल ठेवलं न्हाई. कंपनीच्या कँटीनला भांडी घासते. तिथं खरकट्याचा बी ठेका हाय, आन् तो कुणाचा हाय हे मी पहिल्या दिवशीच इचारून घेतलं.

मी अर्ज लिहिला. माझ्या हातानं, सातवीच्या अक्षरात. "गावातल्या लहान दुकानदारांनी कचरा कुठं टाकावा, याची पंचायतीनं जागा दाखवावी. त्याचा दर सभेत ठरवावा. दिलेल्या पैशाची पावती द्यावी. इकलेल्या कचऱ्याचा जमाखर्च फळ्यावर लिहावा." ग्रामसेवक घेईना. म्हणाला, "ठेवून जा." मी म्हणाले, "शिक्का मारा, पोच द्या, मग जाते." दुपारपर्यंत दारात बसले. शिक्का मारला त्यानं.

त्यानंतर चार ग्रामसभा झाल्या. चारी वेळेला मी गेले. चारी वेळेला तोच प्रश्न इचारला आन् उभी राह्यले. लोक आता हसत न्हाईत. वैतागतात. "आली ती," म्हणतात. मावशी माझ्याशी बोलत न्हाईत. मालक सभेच्या दिवशी घरातनं लवकर निघून जातात.

येत्या एक मेला परत सभा हाय. कँटीनला मी सुट्टी सांगून ठेवलीय. ह्या टायमाला मागं न्हाई, पुढं, आबांच्या खुर्चीसमोर बसणार. प्रश्न इचारणार. उत्तर न्हाई दिलं तर उभी राहणार. तालुक्याला जावं लागलं तर शिरूरला जाणार, जिल्ह्याला जावं लागलं तर पुण्याला. एकटी जाणार.

माफी मात्र मागणार न्हाई. मेले तरी न्हाई.